ज्ञान नेमकं कुणाच्या डोक्यात असतं? गटाचं ज्ञान आणि सांस्कृतिक उत्क्रांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात या विषयावर कुठेही बोललं, कॉलेजात असो की चहाच्या टपरीवर, की साधारण हेच प्रश्न येतात. काही खरोखर अवघड असतात, काही चिडून विचारलेले असतात. चिडून विचारलेलेच जास्त कामाचे, असा माझा अनुभव.

गटपातळीचं ज्ञान म्हणजे काय? प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं, एवढंच ना?

जवळपास तेच, पण थोडं पुढे जावं लागतं. आपली चादरच घ्या. दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी, जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली. सूत एकाकडून येतं, रंगवतो दुसराच. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ दिली जाते, ते गुंडाळून बीम (मोठे रूळ) भरले जातात, आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला बहुतेक बायाच असतात. आलेखाच्या कागदावर नक्षी काढणारा वेगळा, त्यावरून पत्त्यांना भोकं पाडणारा वेगळा. जुना बीम संपला की त्याचे उभे धागे नव्या बीमच्या धाग्यांना एकेक करून जोडणारा माणूस असतो, आणि त्याचा हात चालतो तेव्हा डोळा मागे पडतो. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा जॉबर. मग विणकर, मग शिवण, घड्या, गिऱ्हाईक.

यातल्या कुणालाही विचारा, ‘तुम्हाला चादर बनवता येते का?’ तो ‘हो’ म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण त्याला एकट्याला सूत आणि रिकामी शेड देऊन बघा. रंगवणाऱ्याला माहीत असतं की अमुक रंगाचं सूत जरा कडक होतं. विणकराला माहीत असतं की अमुक सूत मागावर जास्त तुटतं. या दोन गोष्टी एकच आहेत हे दोघांनाही कळेलच असं नाही. तरी दोघांमध्ये निरोप्यासारखा कुणी फिरत असतो, म्हणतो, ‘या वेळी खळ जरा पातळ ठेवा,’ आणि काम होतं. ही जी जुळणी आहे, कुणी कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, कुणाचं ऐकायचं, तीसुद्धा ज्ञानच आहे. ती एका डोक्यात मावत नाही. गटपातळीचं ज्ञान म्हणतात ते या जुळणीसकटच्या ज्ञानाला.

म्हणजे श्रमविभागणीच की. त्यात नवीन काय?

ॲडम स्मिथने 1776 मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. एक टाचणी, 18 कामं, दहा माणसं, दिवसाला 48,000 टाचण्या. पण टाचणीच्या कारखान्यात मालकाला मनात आणलं तर अठराही कामं समजून घेता येतात, आणि विभागणी त्यानेच ठरवलेली असते. इथे प्रश्न असा आहे की जी विभागणी कुणीच ठरवली नाही ती आली कुठून, आणि माणसं बदलली तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशी? श्रमविभागणी हे त्या व्यवस्थेचं वर्णन झालं. ती घडली कशी, हा उत्क्रांतीचा प्रश्न आहे.

गटाला ज्ञान असतं म्हणजे गटाला मेंदू असतो का? हे जरा गूढ वाटतं.

गूढ काही नाही. एडविन हचिन्स या संशोधकाने अमेरिकी नौदलाच्या जहाजावर राहून मार्ग काढण्याचं काम बारकाईने पाहिलं आणि 1995 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. किनाऱ्याजवळ जहाज नेमकं कुठे आहे हे काढायला बरीच माणसं लागतात. काही जण बाजूंना उभे राहून किनाऱ्यावरच्या खुणांचे कोन घेतात, कुणी ते टिपतो, कुणी नकाशावर रेघा मारतो. जहाजाची जागा ‘कळते’ ती या सगळ्यांना मिळून. एकदा बंदरात शिरतानाच वीज गेली आणि मुख्य होकायंत्र बंद पडलं. आता हाताने गणित करणं आलं. सुरुवातीला गोंधळ उडाला. पण थोड्या वेळाने बेरजा-वजाबाक्यांची एक नवी वाटणी आपोआप बसली. कुणी आराखडा काढला नव्हता. प्रत्येक जण शेजाऱ्याकडून येणाऱ्या आकड्याशी जुळवून घेत गेला. आपण नवी पद्धत शोधली हे त्यांना स्वतःला कळायच्या आधीच ती चालू झाली होती.

गटाला वेगळा आत्मा द्यायची गरज नाही. माणसं, त्यांच्या हातातली साधनं आणि त्यांच्यातलं बोलणं यांचा हिशेब एकत्र मांडला की पुरतं.

आपल्या जिल्ह्यातलं एखादं उदाहरण सांगा ना. कारखाना सोडून.

वारी. पण ‘लाखो माणसं शिस्तीत चालतात’ हे वर्तमानपत्री वाक्य बाजूला ठेवा आणि मुक्कामावरची समाजआरती बघा. माउलींची पालखी माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत येते तेव्हा हे आपल्या जिल्ह्यातच बघायला मिळतं.

संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि आवाज थांबतो. एवढ्या मोठ्या जमावाचा आवाज माईकवरून ओरडूनही थांबत नाही, तो इथे थांबतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. बाकी सगळं शांत, त्यामुळे तक्रार कुठे आहे हे शोधावंच लागत नाही. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. मग कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं ते पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते.

आता बघा, यात काय काय झालं. शांतता झाली, तक्रारीची जागा कळली, निवाडा झाला, वस्तू परत गेल्या, वेळापत्रक पोचलं. कागद नाही, अर्ज नाही. आजच्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी बसवली. ते आधी शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे लष्करी शिस्तीची सावली या सोहळ्यावर आहे असं म्हणतात, आणि मला ते पटतं. पण बसवलेली घडी टिकवायला दरवर्षी नव्याने येणारी माणसं लागतात, आणि पहिल्यांदा आलेल्या वारकऱ्याला हा सगळा नियम कुणी शिकवत बसत नाही. त्याला फक्त आपल्या दिंडीत आपली जागा कुठली आणि शेजारचा थांबला की थांबायचं, एवढं कळलं तरी चालतं. बाकीचं त्याच्या भोवतीच्या माणसांत आहे.

याला ‘उत्क्रांती’ कशाला म्हणायचं? इतिहास म्हणा ना.

इतिहास म्हणायला माझी हरकत नाही. पण उत्क्रांतीची तीन लक्षणं इथे सापडतात. पद्धतींमध्ये फरक असतो, त्या पुढच्यांकडे जातात, आणि काही पद्धती जास्त टिकतात, जास्त पसरतात. कव्हाली-स्फोर्झा आणि फेल्डमन यांनी 1981 मध्ये, तर बॉइड आणि रिचरसन यांनी 1985 मध्ये याची गणितं मांडली. जनुकांसारखंच सगळं चालतं असा त्यांचा दावा नव्हता. संस्कृती आई-बापांकडूनच येते असं नाही. ती शेजाऱ्याकडून, शिक्षकाकडून, यशस्वी दिसणाऱ्या परक्याकडूनही येते.

खरी अडचण पुढे आहे. सुरुवातीची गणितं एकेका माणसाने उचललेल्या एकेका गोष्टीची होती: हा शब्द, ते हत्यार, ती समजूत. चादरीची जुळणी किंवा समाजआरती एक माणूस कशी उचलणार? 2014 मध्ये पॉल स्माल्डिनो यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. काही गुण गटाचेच असतात, वेगवेगळ्या भूमिका एकमेकींत गुंतून ते तयार होतात, तेव्हा त्यांचा वारसा आणि निवड यांचा वेगळा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. वारसा चालतो तो रिकाम्या जागा भरून. जॉबर म्हातारा झाला की त्याच्या हाताखालचा पोरगा जॉबर होतो. जागा तीच, शेजारी तेच, आणि जागेभोवतीच्या अपेक्षा त्याला घडवतात.

पण शेवटी शोध लावतो तो एखादा हुशार माणूसच ना?

हुशारीवर फार विसंबू नका. 1860–61 मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघाली. परतताना कूपर्स क्रीकजवळ ते अडकले. तिथल्या यांद्रुवांदा या मूळनिवासी लोकांनी त्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या वनस्पतीची भाकरीसारखी वस्तू दिली. पुढे मोहिमेतले लोक स्वतःच नार्डू गोळा करून, दळून, पोटभर खाऊ लागले आणि तरीही खंगत गेले. नार्डूत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. स्थानिक लोकांच्या तयार करण्याच्या रीतीत त्याचा बंदोबस्त होता. बर्क आणि विल्स दोघेही मेले. किंग नावाचा तिसरा वाचला, कारण तो यांद्रुवांदांमध्ये जाऊन राहिला.

आणि त्या लोकांना तरी जीवनसत्त्व कुठे ठाऊक होतं? रीत का पाळायची हे माहीत नसताना रीत पाळणं ही माणसाची मोठी शक्ती आहे. हॉर्नर आणि व्हायटन यांच्या 2005 च्या प्रयोगात दाखवलेली एखादी कृती बिनकामाची आहे हे दिसताच चिंपांझींनी ती गाळली, माणसाच्या पोरांनी मात्र जशीच्या तशी नक्कल केली. चिंपांझी हुशार ठरले म्हणा हवं तर. पण नार्डूच्या बाबतीत पोरंच जगली असती.

गट जितका मोठा तितकं ज्ञान जास्त, हे खरं का?

बरंचसं, पण यावर भांडणं आहेत. जोसेफ हेनरिक यांनी 2004 मध्ये टास्मानियाचं उदाहरण घेऊन गणित मांडलं: समुद्र वाढून बेट मुख्य भूमीपासून तुटलं, शिकणाऱ्यांचा घोळका लहान झाला, नक्कल करताना होणाऱ्या चुका भरून काढायला पुरेसे लोक उरले नाहीत, आणि हाडांच्या हत्यारांसारखी काही कौशल्यं लोपली. क्लाइन आणि बॉइड यांनी 2010 मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांची मासेमारीची साधनं तपासली. जास्त वस्ती असलेल्या बेटांवर ती जास्त आणि जास्त गुंतागुंतीची निघाली. 2013 च्या एका प्रयोगात डेरेक्स आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या खेळात बाणाचं टोक आणि जाळं बनवायला लावलं. 2, 4, 8 आणि 16 जणांचे गट होते. मोठ्या गटांनी अवघड काम टिकवलं, लहान गटांत ते घसरलं.

विरोधही तगडा आहे. 2016 मध्ये व्हेसेन आणि इतरांनी म्हटलं की जुन्या काळच्या लोकसंख्येवरून तंत्राची गुंतागुंत ठरते याला पुरावा कच्चा आहे. काहींच्या मते अन्नाची जोखीम जिथे जास्त, तिथे हत्यारं जास्त. टास्मानियातल्या लोकांनी मासे सोडून इतर अन्नाकडे वळणं हा त्यांचा शहाणा निर्णयही असू शकतो. त्या लोकांचे वंशज आज आहेत, आणि आपल्या पूर्वजांना ‘विसरलेले’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. माझं मत विचाराल तर डोक्यांची संख्या कमी महत्त्वाची, डोक्यांमधली ये-जा जास्त महत्त्वाची.

ज्ञान हरवल्याचं पक्कं उदाहरण आहे का, की सगळे अंदाजच?

आहे. ग्रीनलंडच्या वायव्य टोकाच्या इनुग्विट लोकांमध्ये 1820 च्या दशकात साथ आली आणि जाणती, वयस्क माणसं मोठ्या प्रमाणात गेली. त्यांच्यासोबत कयाक नाव, धनुष्यबाण आणि मासे मारायचा विशिष्ट भाला बनवण्याची कला गेली. कयाक असते हे पुढच्यांना माहीत होतं, पण बनवता येईना. रेनडिअर समोर असूनही मारता येईनात. 1860 च्या दशकात बॅफिन बेटावरून आलेल्या इनुइटांनी या कला परत शिकवल्या. दरम्यानच्या काळात त्यांची बुद्धी काही कमी झाली नव्हती.

मग सगळं लिहून ठेवा, व्हिडिओ करा. प्रश्न मिटला.

लिहिलेल्यावर विसंबणं अमेरिकेला महागात पडलंय. अण्वस्त्रांत वापरायचा ‘फॉगबँक’ नावाचा पदार्थ त्यांनी 1975 ते 1989 या काळात टेनेसीमधल्या ओक रिजला बनवला आणि मग थांबवला. पुढे जुनी अस्त्रं दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा तो बनेना. नोंदी अपुऱ्या, बरीच जुनी माणसं निवृत्त झालेली. बऱ्याच खर्चानंतर कळलं की जुन्या काळी कच्च्या मालात राहणारी एक अशुद्धता आवश्यक होती. नवी शुद्धीकरणाची पद्धत ती काढून टाकत होती. जुन्या लोकांनी हे लिहिलं नव्हतं, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

जकार्डचे पत्ते हेही एक लेखनच. नक्षी त्यात पूर्ण उतरलेली असते, भोक आहे किंवा नाही, शंकेला जागा नाही. पण ताण किती ठेवायचा, कोरड्या हवेत सूत तुटायला लागलं तर काय करायचं, हे पत्त्यांत नाही. लिहून ठेवायला विरोध नाही. जरूर लिहा. फक्त जे लिहिता आलं तेवढंच ज्ञान होतं असं समजू नका.

हे फिरून ‘गटनिवडी’वर, म्हणजे गटागटांच्या स्पर्धेतून होणाऱ्या निवडीवर, येतं का? ती तर खोडून काढली गेली ना?

दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. ‘समाजाच्या भल्यासाठी प्राणी स्वतःचं नुकसान करून घेतात’ ही ढोबळ कल्पना जॉर्ज विल्यम्स यांनी 1966 मध्ये चांगलीच झोडपली, ते योग्यच झालं. संस्कृतीबाबत मात्र वाद जिवंत आहे. एकमेकांना मदत करणारी टोळी दुसरीवर मात करेल, असं डार्विनने 1871 मध्येच लिहिलं होतं. बॉइड, रिचरसन, हेनरिक त्याच धाग्यावर काम करतात. स्टीव्हन पिंकर यांनी 2012 मध्ये तो सगळा मार्गच फसवा म्हटला.

गटाचं ज्ञान असतं हे मानायला गटागटांतली लढाई मानावी लागत नाही. एका गावची पद्धत दुसऱ्या गावाने बघून उचलली, तरी ती पसरतेच.

बालीच्या भातशेतीचं उदाहरण नेहमी का देतात?

कारण ते फार सुंदर आहे, आणि आपल्याला झोंबणारंही. बालीमध्ये सुबक नावाच्या पाणीवापर मंडळींची शेकडो वर्षांची परंपरा आहे. जलमंदिरांतून पाण्याच्या पाळ्या ठरतात. 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाने सांगितलं की ज्याने त्याने जमेल तितक्या वेळा भात लावा. मंदिरांच्या पाळ्या मोडल्या आणि किडींचा उच्छाद झाला. स्टीफन लान्सिंग यांनी नंतर दाखवलं की शेजारच्या शेतांनी एकदम पड ठेवली तर कीड उपाशी मरते, पण सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. या दोन्हींतला मध्य मंदिरांच्या जाळ्याने गाठलेला होता. पुजाऱ्यांकडे कीटकशास्त्र नव्हतं.

लगेच कुणीतरी विचारतं, मग उजनीच्या कालव्यावर हे का होत नाही? टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं रडगाणं जिल्ह्याला पाठ आहे. माझं उत्तर असं: बालीत वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी देतो, कारण खालच्याने वेळ पाळली नाही तर कीड वरच्याच्या शेतात येते. दोघांचं नशीब बांधलेलं आहे. आपल्याकडे वरच्याने ऊस केला आणि खालचा कोरडा राहिला, तर वरच्याचं काय बिघडतं? जिथे असं बंधन नाही तिथे मंदिर बांधून किंवा संस्था नोंदवून बाली येत नाही.

हे जातीच्या धंद्यांचं गुणगान नाही का?

सगळ्यात योग्य प्रश्न. पद्मशाली विणकर तेलुगू मुलखातून इथे आले, कसब घेऊन आले, आणि ते घराघरांतून चालत राहिलं, हे खरं. ज्ञान टिकवण्याची जात ही एक यंत्रणा होती, हेही खरं. पण बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये सांगून ठेवलंय की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. याच विषयातला पुरावा त्यांच्या बाजूने पडतो: ज्ञान वाढतं ते माणसांमधल्या ये-जा मुळे, आणि जात ती ये-जा तोडते. एकमेकांच्या घरी न जाणारे, एका पंगतीला न बसणारे लोक एकमेकांकडून शिकणार काय? शहरभर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलली जात असताना किती गोष्टी भिंतीपलीकडे राहून गेल्या असतील.

शिवाय अन्यायसुद्धा गटाच्या जुळणीतच टिकतो. कुणी एक जण जातिव्यवस्था चालवत नाही. प्रत्येक जण आपापली छोटी भूमिका निभावतो आणि ती चालते. टिकलं म्हणून चांगलं, हा निष्कर्ष सांस्कृतिक उत्क्रांतीतून निघत नाही.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी या विषयावर सोलापुरात काय करता येईल?

एखाद्या जुन्या विणकराची मुलाखत घेऊन ‘लोप पावत चाललेली कला’ असं लिहू नका. तसे लेख भरपूर आहेत. त्याऐवजी एकाच साखळीतली लागून असलेली तीन माणसं निवडा, उदाहरणार्थ रंगवणारा, बीम भरणारा आणि विणकर. प्रत्येकाला स्वतःच्या कामाबद्दल कमी विचारा आणि शेजारच्याच्या कामाबद्दल जास्त: त्याचं काम बिघडलं हे तुम्हाला कशावरून कळतं, कळलं की कुणाला सांगता, तो ऐकतो का, नाही ऐकलं तर काय करता. तिघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडा. जिथे ती जुळत नाहीत तिथे खोदा.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हाही हेच करता येईल. फोटो सगळे काठी पेलणाऱ्याचे काढतात. तुम्ही त्याच्या भोवती बाराबंदी (पारंपरिक पांढरा अंगरखा) घालून चालणाऱ्यांशी बोला, आणि तेही सराव चालू असताना. यात्रेच्या दिवशी त्यांना बोलायला फुरसत नसते.